सही मुलाची, शरीर आईचं: वृद्धांच्या शुश्रूषेतले कायद्याचे आणि नीतीचे पेच

रात्रपाळी (धागाकर्ती)

नर्सिंगमध्ये मला 22 वर्षं झाली, त्यातली शेवटची 9 वृद्धांच्या वॉर्डात. मागच्या महिन्यातली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

81 वर्षांच्या एक बाई. खुब्याचं हाड मोडलेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. संध्याकाळी ड्युटीवर आल्यावर फाईल चाळली. संमतिपत्रावर मुलाची सही होती आणि पेशंटच्या सहीच्या जागी शेरा होता, 'समजण्याच्या स्थितीत नाही'. मी बोलायला गेले तर बाई नुसत्या बघत राहिल्या. सहज लॉकरचा खण उघडला, तर आत रुमालात गुंडाळलेलं कानाचं मशीन आणि चष्मा. दाखल करताना 'हरवायला नको' म्हणून कुणीतरी काढून ठेवलेलं. मशीन लावलं, चष्मा चढवला, माझ्या तोंडावर उजेड पडेल अशी समोर बसले आणि विचारलं, "उद्या काय करणार आहेत, ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या, "सकाळपासून सगळे माझ्यासमोर तोंडं हलवतायत. मला कुणी काही विचारलंच नाही."

मी सर्जनना बोलावलं. बाईंनी त्यांना अर्धा तास प्रश्न विचारले. भूल पूर्ण की कमरेखालची? परत चालता येईल का? नाही केलं तर किती दिवस पडून राहावं लागेल? मग स्वतः सही केली. ऑपरेशन ठरलं होतं तेच झालं, त्या बऱ्याही झाल्या. पण त्या 'नाही' म्हणाल्या असत्या तर? तो नकार त्यांच्या हक्काचा होता, आणि तो आम्ही एका खणात बंद करून ठेवला होता.

वय झालं की माणसाला विचारायचं आपण कधी सोडून देतो, ते आपल्यालाच कळत नाही. संमती, बांधून ठेवणं, लपवून औषध देणं, आजार न सांगणं, शेवटचे उपचार, या सगळ्याच्या मुळाशी मला हेच दिसतं. तुमचे अनुभव लिहा. कायदा जाणणारे कुणी असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

---

काळाकोट

ताई, वकिली करतो म्हणून कायद्यापुरतं लिहितो.

सज्ञान आणि समज असलेल्या माणसाच्या शरीरावर काय करायचं ते तोच ठरवेल, हे तत्त्व न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझोंनी 1914 साली मांडलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली खटला वाचण्यासारखा आहे. बाई भुलेखाली असताना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी त्यांच्या आईची संमती घेतली गेली. न्यायालयाने ती मानली नाही. पेशंट सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे आणि जिवावर बेतलेलं नाही, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सही चालली नाही, मग मुलाची कशी चालेल? जीव वाचवण्यासाठी वेळच नसेल तर गोष्ट वेगळी.

'समज आहे की नाही' हे ठरवायचं कसं? इंग्लंड-वेल्सच्या 2005 च्या कायद्यातली कसोटी मला सगळ्यात स्वच्छ वाटते. माहिती कळते का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहते का, तिचा तोल करता येतो का, आणि निर्णय कुठल्याही मार्गाने सांगता येतो का. डोळ्यांची उघडझाप करून सांगितला तरी चालतो. त्याच कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक वॉर्डात सांगायला हव्यात. समज आहे असंच धरून सुरुवात करायची. आणि निर्णय शहाणपणाचा वाटत नाही म्हणून समज नाही असं म्हणायचं नाही.

शिवाय समज ही एका निर्णयापुरती आणि एका वेळेपुरती पाहायची असते. ज्यांना बँकेचे व्यवहार झेपत नाहीत त्यांना आज अंघोळ करायची की नाही हे नक्की सांगता येतं.

---

अंगणवेल

पहिल्यांदाच लिहितेय. वडील 84 वर्षांचे, स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला. न्यूमोनियासाठी दाखल केलं, तेव्हा गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी घातली. ते ती उपसून काढतात. तीनदा काढली. आता दोन्ही मनगटं कॉटला बांधून ठेवली आहेत. मी गेले की ते हात ओढतात आणि माझ्याकडे बघतात. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांच्याच सुरक्षेसाठी आहे, तुमची सही घेतलीय." हो, सही मीच केली. दाखल करतानाच्या कागदांत होती, तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती.

हे कायदेशीर आहे का? आणि असलं तरी बरोबर आहे का?

---

रात्रपाळी

अंगणवेल, आधी एक सांगते. ती सही केली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. दाखल करताना पंधरा कागद पुढे येतात, आणि त्या वेळी माणसाला फक्त आपल्या माणसाचा श्वास दिसत असतो.

बांधण्याबद्दल. मी नवीन होते तेव्हा आम्हीही सर्रास बांधायचो. वाटायचं, पडणार नाहीत, नळी निघणार नाही. नंतर कळत गेलं. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, मनगट सोलवटतं, कूस बदलता न आल्याने माकडहाडावर बेडसोर (दाबाने होणारी जखम) होतो, छातीत कफ साठतो, स्नायू झडतात आणि गोंधळ आणखी वाढतो. पट्टा गळ्यात-छातीत अडकून माणसं दगावल्याचीही नोंद आहे. कॉटच्या कठड्यांचंही तेच. गोंधळलेला माणूस कठडा ओलांडायला जातो आणि नुसत्या कॉटवरून पडला असता त्याहून उंचावरून पडतो.

अमेरिकेत 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या, म्हणजे तिथल्या निवासी शुश्रूषागृहांतल्या वृद्धांना एक हक्क मिळाला. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांना बांधता येणार नाही, औषधानेही नाही. 'औषधाने बांधणं' हा शब्दप्रयोग मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा टोचला, कारण रात्री ओरडणाऱ्या पेशंटला शांत करायचं इंजेक्शन मी स्वतः कितीदा मागून घेतलं होतं. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना मनोविकारांवरची ही औषधं दिली तर मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्ये नव्या औषधांवर आणि 2008 मध्ये जुन्यांवरही छापायला लावला.

मी आता बांधण्याआधी विचारते, हा माणूस हे का करतोय? लघवी तुंबलीय? चार दिवस पोट साफ नाही? दुखतंय? नवीन औषध सुरू झालंय? ताप चढतोय? रात्रभर डोक्यावर दिवा जळतोय? नाकातली नळी कुणालाही नकोशीच होते. ती ओढणं हा वेडेपणा नाही, 'मला हे नको' असं सांगायची तीच एक भाषा कधी कधी उरलेली असते.

आणि नळीबद्दलच डॉक्टरांशी बोला. स्मृतिभ्रंश खूप पुढे गेलेला असताना नळीने आयुष्य वाढत नाही आणि ठसका लागून होणारा न्यूमोनियाही थांबत नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने (वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची संघटना) 2014 मध्ये अशा पेशंटना नळी घालू नये, हाताने सावकाश भरवावं, अशी स्पष्ट भूमिका घेतली. मात्र न्यूमोनिया उतरेपर्यंत काही दिवसांपुरती घातलेली नळी आणि कायमची नळी यांत फरक आहे. तुमच्या वडिलांची कुठली, ते विचारा. किती दिवसांसाठी, आणि कशाची वाट बघतोय आपण?

---

वॉर्ड_सात

रात्रपाळी ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं पटतं, पण मला राग येतोय, आणि तो लिहिणार आहे.

रात्री माझ्याकडे 34 पेशंट असतात. सोबत एक ज्युनियर आणि एक मावशी. त्यातले 6 जण गोंधळलेले. एकाची नळी घालेपर्यंत दुसऱ्याने सलाईन उपसलेलं असतं. कारण शोधायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढीच माझ्याकडे नसतात. पेशंट पडला की चौकशी माझी होते, बांधला तर कुणी विचारत नाही. मग मी काय करावं अशी अपेक्षा आहे? नीतीची सगळी भाषणं नर्सला, आणि माणसं वाढवा म्हटलं की सगळे गप्प.

---

रात्रपाळी

वॉर्ड_सात, तुमचा राग रास्त आहे. मीही त्या रात्री काढल्या आहेत.

एकच सांगते, कारण ते मला उशिरा कळलं. माणसं कमी असताना गुपचूप भागवून नेलं की ती कमतरता फक्त आपल्यापुरती उरते, उद्या काही झालं तर दोषही आपलाच. म्हणून लेखी कळवायचं. तारीख, वेळ, किती पेशंट, किती हात, धोका काय. मी मेट्रनना (मुख्य परिचारिकांना) दर वेळी दोन ओळी देते आणि प्रत ठेवते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता 1953 पासून आहे आणि 2021 मध्ये सुधारली गेली. नर्सची पहिली जबाबदारी सेवेची गरज असलेल्या माणसाशी आहे, हे तिच्या मुळाशी आहे. संस्था, डॉक्टर, नातेवाईक नंतर. त्यामुळे 'हे सुरक्षित नाही' असं लिहून देणं ही तक्रार नसते, ड्युटीचाच भाग असतो.

माणसं यायला आमच्याकडे दीड वर्ष लागलं, आणि एकच आली. पण तिच्या नेमणुकीच्या फाईलला माझ्या चिठ्ठ्या जोडलेल्या होत्या.

---

काळाकोट

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्यात थोडी भर.

निष्काळजीपणा सिद्ध व्हायला चार गोष्टी लागतात. काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, त्यात कसूर झाली, नुकसान झालं, आणि ते त्या कसुरीमुळेच झालं. 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं' हा नर्ससाठी पूर्ण बचाव नाही. डोस उघड चुकीचा दिसत असताना दिला तर जबाबदारी नर्सवरही येते. न्यायालयात तीन वर्षांनी कुणाला काही आठवत नाही, तेव्हा बोलतात त्या नोट्स. 'पेशंट त्रास देतो' असं लिहू नका. 'रात्री 2.10 ला नळी ओढली, लघवीची पिशवी रिकामी, पोट फुगलेलं, डॉक्टरांना 2.15 ला कळवलं' असं लिहा. आणि नंतर खाडाखोड कधीही नको. राहून गेलं असेल तर आजची वेळ टाकून 'उशिरा नोंद' म्हणून लिहा.

अंगणवेल यांच्या प्रश्नाबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये बांधण्यावर कडक अटी आहेत. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने, गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही, आणि कारण नोंदवून. तो कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, पण सामान्य वॉर्डाला याहून सैल मोजमाप लावावं असं म्हणायला मला काही कारण दिसत नाही. दाखल होताना सरसकट घेतलेली सही म्हणजे कधीही, कितीही वेळ बांधायची परवानगी नव्हे.

---

अठ्ठ्याहत्तर

माझं वय नावातच आहे. धागा वाचून राहवलं नाही.

गेल्या वर्षी हृदयाच्या तक्रारीसाठी दहा दिवस होतो. राउंडला आलेले डॉक्टर माझ्या पायाशी उभं राहून माझ्या मुलाला विचारायचे, "आजोबा जेवतात का? झोपतात का?" मी तिथेच होतो. एक मुलगी मला लहान बाळाशी बोलावं तसं बोलायची, "चला, आता आपण गोळी घेणार ना?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. पण चौतीस वर्षं मी गणित शिकवलंय. त्या दहा दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मी म्हातारा झालो.

आणखी एक, जरा संकोचाने लिहितो. मला चालता येत होतं, तरी रात्री 'पडाल' म्हणून डायपर लावलं. घंटा वाजवली तर म्हणाले, "त्यातच करा, काही हरकत नाही." हरकत होती.

घरी आल्यावर मी इच्छापत्र केलं. मालमत्तेचं नाही, उपचारांचं. बरं होण्याची आशा नसेल तर कृत्रिम श्वास नको, नळीने अन्न नको, वेदना मात्र होऊ देऊ नका. पत्नी आणि मुलगी, दोघींची नावं घातली. मुलाला वाईट वाटलं. त्याला सांगितलं, तू मला सोडणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच तुझं नाव घातलं नाही.

---

मोकळीवाट

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे इच्छापत्र आपल्याकडे चालतं का? काय करावं लागतं?

---

काळाकोट

चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 9 मार्च 2018 रोजी कॉमन कॉज खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद 21 चा भाग मानला आणि अशा इच्छापत्राला मान्यता दिली. सुरुवातीला न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिसही लागायची, ते फार अवघड होतं. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानेच ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आली की रुग्णालयाचं एक आणि त्यावर दुसरं अशी दोन वैद्यकीय मंडळं मत देतात, शक्यतो 48 तासांत. इच्छापत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येतं. हे जीव घेणारं इंजेक्शन देणं नव्हे. ते आपल्याकडे आजही गुन्हाच आहे.

अवांतर पण महत्त्वाचं: 'मुलाला मुखत्यारपत्र दिलंय, पुढे स्मृतिभ्रंश झाला तरी चालेल' असं अनेक जण समजतात. तसं नाही. करार कायद्यानुसार देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं हवं असतं तेव्हाच. मग नातेवाइकांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आहे, त्यात उपचारांचे निर्णयही येतात. आपल्याकडे त्या तोडीचं काही नाही, याची मला रोज खंत वाटते.

---

रात्रपाळी

अठ्ठ्याहत्तर काका, तुमचा प्रतिसाद मी उद्या वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. परवानगी आहे ना?

2018 चा विषय निघाला की मला अरुणा शानबाग आठवतात. त्या आमच्यातल्याच, केईएमच्या परिचारिका. 1973 मध्ये हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि 18 मे 2015 ला गेल्या. चार दशकांहून जास्त काळ तिथल्या नर्सेसनी पिढ्यान् पिढ्या त्यांना सांभाळलं. 2009 मध्ये त्यांचं अन्न थांबवण्याची याचिका आली तेव्हा त्याच नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, नर्सेसचं कौतुक केलं, आणि त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवता येतील असंही म्हटलं.

मी तेव्हा पूर्णपणे नर्सेसच्या बाजूने होते. आजही त्यांच्या सेवेपुढे नतमस्तक आहे. पण आता एक प्रश्न पडतो. तिला स्वतःला काय हवं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही बाजू तिच्या वतीने बोलत होत्या, प्रेमानेच बोलत होत्या. म्हणून काकांनी जे लिहून ठेवलं त्याची किंमत मला फार वाटते.

---

सागरगोटा

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आईला कर्करोग होता. आम्ही भावंडांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. सगळ्या सिस्टर्सना तसं सांगून ठेवलं. ती गेल्यावर तिच्या उशीखाली एक वही सापडली, त्यात तिने कुणाला काय द्यायचं ते लिहिलं होतं. तारीख आम्हाला कळल्यानंतर आठवड्याभरातली. म्हणजे तिला माहीत होतं. आम्ही तिच्यासमोर चार महिने नाटक केलं आणि तिने आमच्यासमोर. एकदाही मनमोकळं बोलता आलं नाही.

मला विचारायचंय, नर्सने काय करायला हवं होतं? त्यांनी आमचं ऐकलं, म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

---

रात्रपाळी

सागरगोटा, फार जड आहे हे. लिहिलंत म्हणून आभार.

मी काय करते ते सांगते. निदान सांगणं डॉक्टरांचं काम, ते मी परस्पर करत नाही. पण पेशंटने मला थेट विचारलं तर खोटं बोलत नाही. मी उलट विचारते, "तुम्हाला काय वाटतंय? सगळं जाणून घ्यायचंय का, की घरच्यांनी बघावं असं वाटतं?" काही जण खरंच म्हणतात, मला नको सांगू, लेकीशी बोला. तोही त्यांचाच निर्णय. ज्यांना जाणून घ्यायचं असतं त्यांचं डॉक्टरांना त्याच दिवशी कळवते आणि नोट्समध्ये लिहिते. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवते, मी आपणहून सांगणार नाही, पण विचारलं तर नाकारणारही नाही.

स्मृतिभ्रंशात मात्र मी इतकी कडक राहू शकत नाही. एक आजी रोज संध्याकाळी विचारायच्या, "हे कधी येणार?" यजमान जाऊन बारा वर्षं झालेली. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. त्या अशा कोसळल्या की जणू बातमी तेव्हाच आली होती. आणि दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न. तिला रोज नव्याने विधवा करण्याचा मला काय अधिकार? मग मी विचारायला लागले, "आठवण येतेय का त्यांची? कसे होते ते?" त्या अर्धा तास बोलायच्या. मी खोटं बोलले नाही, खरंही सांगितलं नाही. यात शंभर टक्के बरोबर काय, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

---

घरची_सेवा

मी ब्युरोतर्फे घरी जाऊन वृद्धांची कामं करते. नर्सिंगचा कोर्स झालेला नाही, सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे. माझे तीन प्रश्न.

घरचे सांगतात इन्सुलिन तूच दे, कॅथेटर (लघवीची नळी) तूच बदल. नाही म्हटलं तर दुसरी बघतो म्हणतात.

आजी गोळी थुंकतात म्हणून जेवणात कुटून मिसळायला सांगतात.

आणि एका घरी आजोबांच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. मी विचारलं तर त्यांनी सुनेकडे बघितलं आणि गप्प बसले. मी बोलले तर माझ्यावरच आळ येईल, ही भीती आहे. आमच्यावर चोरीचा आळ यायला वेळ लागत नाही.

---

रात्रपाळी

ताई, तुम्ही विचारलंत यातच तुमची जाण दिसते.

कॅथेटर बदलायला ठाम नाही म्हणा. चुकीच्या हाताने मूत्रमार्ग फाटतो, रक्त जातं, जंतुसंसर्ग होतो. इन्सुलिनसाठी घरच्यांना नोंदणीकृत नर्स किंवा डॉक्टरांकडून स्वतः शिकून घ्यायला सांगा. पिशवी रिकामी करणं, स्वच्छता, कूस बदलणं, त्वचा लाल दिसली की कळवणं, हे तुमचं काम, आणि ते कमी नाही.

गोळी कुटण्याआधी डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचाराच. काही गोळ्या दिवसभर हळूहळू सुटतील अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो. थुंकण्याचं कारणही बघा. गिळायला त्रास होतोय? तोंड आलंय? गोळी कडू आहे? आजींना समज असेल आणि त्या नको म्हणत असतील तर लपवून देणं म्हणजे फसवणूक. समज नसेल तरी ते एकटीने ठरवायचं नाही. डॉक्टर आणि घरचे मिळून ठरवतील, लिहून देतील, अधूनमधून परत तपासतील. आणि सगळ्या गोळ्या खरंच लागतात का, हाही प्रश्न विचारायला हवा. तेरा गोळ्यांच्या पाच झाल्या की कितीदा भांडण आपोआप मिटतं.

वळांबद्दल खाली काळाकोट यांनी लिहावं. एवढंच सांगते, तुमच्या वहीत तारीख, जागा, रंग, आकार आणि आजोबा काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. 'सुनेने मारलं' असं लिहू नका, तुम्ही ते पाहिलेलं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या धरण्यानेही वळ उठतात. पण आजोबांशी एकट्याने बोला.

---

काळाकोट

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या दर 6 माणसांतल्या एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला तोंड द्यावं लागतं. मारणं हा त्यातला एक भाग. उपाशी ठेवणं, औषध न देणं, पेन्शन काढून घेणं, कुणाशी बोलू न देणं हेही छळच.

14567 ही वृद्धांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाला टाकून देणं हा गुन्हा आहे. आणि सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळू शकते. ब्युरोच्या पर्यवेक्षकांना लेखी कळवा, म्हणजे पुढे आळ आला तर कागद तुमच्या बाजूने राहील. मात्र समज असलेल्या आजोबांना विचारल्याशिवाय पुढचं पाऊल नको. तक्रारीनंतर त्यांनाच त्या घरात राहायचंय.

आणि सिस्टर असोत की मदतनीस, पलंगावरच्या माणसाने मृत्युपत्रावर अंगठा द्यायच्या वेळी साक्षीदार म्हणून उभ्या राहू नका. 'समज होती का?' हा प्रश्न मग तुम्हाला न्यायालयात विचारला जाईल.

---

वॉर्ड_सात

मागचा प्रतिसाद रागात लिहिला होता, तरी मागे घेत नाही. काल मात्र लेखी दिलं. मेट्रननी वाचलं आणि काही बोलल्या नाहीत, पण आवक शिक्का मारून प्रत दिली.

आणि 12 नंबरच्या बाबांना बांधायच्या आधी पोट दाबून बघितलं. लघवी तुंबली होती. कॅथेटर घातल्यावर 800 मिली निघाली आणि ते झोपले. हे नोंदवावंसं वाटलं.

---

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटले. रात्रपाळी ताईंचा प्रश्न तसाच विचारला, किती दिवसांसाठी आणि कशाची वाट बघतोय. ते क्षणभर थांबले, मग नीट बसून बोलले. नळी चार दिवस ठेवू, ताप उतरला की गिळणं तपासू. तोवर कुणी शेजारी बसणार असेल तर हात मोकळे ठेवायला ते तयार झाले. मी, भाऊ आणि आत्या, तिघांनी पाळ्या लावल्या. पट्टे सोडले तेव्हा बाबांनी दोन्ही हात छातीवर घेतले आणि बराच वेळ तसेच ठेवले. रात्री भावाचा डोळा लागला तेव्हा एकदा नळी निघाली. परत घातली नाही. डॉक्टर म्हणाले, आता निघालीच आहे तर सकाळी तपासू.

आता चमच्याने, बसवून, मान थोडी पुढे घेऊन भरवतो. एका वेळेला पाऊण तास लागतो. कधी चार घासांत तोंड मिटतात, तेव्हा थांबतो. आत्याला ते बघवत नाही, ती म्हणते, आपण त्यांना उपाशी ठेवतोय. माझ्याकडे तिला द्यायला पूर्ण उत्तर नाही.

एक विचारायचं होतं. ते तोंड मिटतात तेव्हा ते 'नको' म्हणतायत की आजारामुळे तसं होतंय, हे कसं ओळखायचं?

---

रात्रपाळी

नेहमी नक्की ओळखता येतंच असं नाही. थोडं थांबून, ओठ ओले करून, दुसऱ्या चवीचा घास पुढे करून बघा. तोंड उघडलं तर आजार आडवा येत होता. मान फिरवली, हात वर आला, तर नको आहे. कधी घेतलं, कधी नाही, किती आणि कसं, असं आठवडाभर लिहून ठेवा, आत्यांनाही लिहायला सांगा. दाताखाली किंवा गालात घास राहिलाय का, ते दर वेळी बोटाने नाही, बॅटरीच्या उजेडात बघा. भरवून झाल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा.

वही घेऊन पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जा. जाण्याआधी मला इथे कळवा, काय विचारायचं ते मिळून ठरवू.